छपाईचं बहिरेपण
आईबापांचे दोष मुलांत उतरतात, हे मला नागपूरच्या आमच्या कचेरीत संगणकाने शिकवलं. ऐंशीच्या दशकात तिथे युनिक्स प्रणालीवर चालणारं मशीन आलं, तेव्हा माझी नोकरी कायम व्हायची होती. मोठे साहेब प्रोग्राम थांबवायची कळ उगाच दाबत, म्हणून मी मुख्य प्रोग्रामला थांबण्याचा इशारा ऐकायचाच नाही, असं बजावून ठेवलं. त्याने सुरू केलेला छपाईचा प्रोग्राम, म्हणजे त्याचं अपत्य, तेच बहिरेपण घेऊन जन्मला. हे मला ठाऊक नव्हतं.

उद्घाटनाला मुख्य कचेरीतून आलेल्या पाहुण्यांपुढे एका लांबलचक यादीचं एकच पान छापायचं होतं. घाबरून मी चुकून सगळी यादी मागवली. थांबवायची कळ दाबत राहिलो. प्रिंटरच्या खडखडाटात पाहुण्यांचं भाषण बुडालं. प्रिंटरचं बटण हारतुऱ्यांच्या टेबलामागे होतं, तिथे हात पोचेना.

"काहून थांबून नाही राहिलं गा?" ऑपरेटर कुजबुजला.

"ऐकूनच नाही राहिलं!"

"मंग तुह्यी नोकरी गेली समज."

कागद संपल्यावरच ते थांबलं. दुसऱ्या दिवशी, छपाई सुरू होण्याआधी तिचे कान उघडणारी एक ओळ मी प्रोग्राममध्ये घातली. आठवडाभर चैन नव्हती. मग कायम झाल्याचं पत्र आलं. पाहुण्यांनी शेरा दिला होता की यंत्र एकदाही थांबलं नाही.