चार डिग्रीतला समुद्र

अख्ख्या भोपाळात दक्षिण ध्रुवाच्या समुद्राचा बंदोबस्त ठेवणारा मेकॅनिक एकच, आणि तो म्हणजे मी. समुद्र हातभर नळीत होता, आणि त्यातली शेवटची चार बोटंसुद्धा मला नीट सांभाळता आली नाहीत, ते पुढे येईलच. पण आधी ज्यांचा तो समुद्र, त्यांच्याबद्दल सांगतो. चिखलावर इतकी माया करणारा जीव मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी म्हशी धरून बोलतोय. अरेरा कॉलोनीत सगळे त्यांना 'कीचडवाले सर' म्हणतात. मी पण पाठीमागं तेच म्हणतो, तोंडावर नुसतं सर. नोकरीत असताना माणूस जहाजानं तीनदा पार दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात जाऊन आला. तिथं तळात लांब नळ्या खुपसून चिखल वर काढायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाले तेव्हा ऑफिसनं शाल-नारळ पुढं केला, तर म्हणाले, "ही एक नळी कुणी मोजलेली नाही, ती मला द्या." नळी घरी आणली, शाल तिथंच विसरले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, अजून विचारतात, "रंग कोणता होता हो शालीचा?"

माझं दुकान इंद्रपुरीत, फ्रिज-एसी रिपेरिंगचं. शिक्षण म्हणाल तर आठवी मी फार मन लावून केली, लागोपाठ तीन वर्षं. सरांकडं पहिल्यांदा गेलो ते त्यांचा डीप फ्रीझर बघायला. आइस्क्रीमवाल्यांकडं असतो तसला आडवा, आणि तो बैठकीत, सोफ्याच्या जागी. झाकण उघडलं तर आत ना मटार ना कुल्फी. टॉवेलवर एक प्लास्टिकची नळी, पाळण्यात बाळ निजवावं तशी. "चारवर ठेवायचाय," सर म्हणाले. "चार डिग्री. वर नाही, खाली नाही." मी म्हणालो, "सर, डीप फ्रीझर घेऊन चार डिग्री? हे म्हणजे ट्रक घेऊन अर्धा लिटर दूध आणायला जायचं." "जा की ट्रक घेऊन," सर म्हणाले, "पण दूध अर्धाच लिटर आण." मी वेगळा थर्मोस्टॅट लावून दिला आणि मनात ठरवून टाकलं की म्हातारा जुन्या कॉम्प्रेसरवर दया करतोय. कारण काही विचारलं नाही. विचारलं तर समजावून सांगतील ही भीती. आठवीपासूनची सवय आहे.

त्या घरात सगळ्या वस्तू थरानं राहतात. खुर्चीवर पेपर, बिलं, लग्नपत्रिका, सगळ्यांची एकच चळत. तिला हात लावायचा नाही, जे येईल ते वर ठेवायचं. काकूंनी मार्चचं लाइटबिल मागितलं की सर लांबूनच सांगतात, "मार्च ना? एक वीत खाली, त्या पिवळ्या पत्रिकेच्या जरा वर." आणि तिथंच निघतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा दिवाळीला काकूंनी ती चळत आवरून फायलीत लावली, तर सर दोन दिवस जेवले पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू वर्ष पुसलंस." काकू म्हणाल्या, "मी धूळ पुसली."

चिखलाचंही तेच. वरचा थर अलीकडचा, खाली जाल तसं मागं, हजारो वर्षं मागं. महिन्याला अर्धा सेंटीमीटर चिखल कापायचा, बारीक चाळणीत धुवायचा, आणि चाळणीत उरलेले शंख सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. शंख कसले, रव्याच्या कणाहून लहान. तीन केसांच्या ब्रशनं सर एकेक उचलून ताटलीत लावतात. डावीकडं वळलेला शंख कडक थंडीतला, उजवीकडं वळलेला जरा उबेतला. कुठले किती निघाले त्यावरून पाणी तेव्हा किती थंड होतं ते कळतं. मी एकदा शेजारी उभा राहून बघत होतो आणि शिंकलो. ताटली कोरी झाली. सर शांतपणे म्हणाले, "दोनेकशे वर्षं गेली." तेव्हापासून त्या खोलीत जाताना मी नाकाला रुमाल बांधतो. काकूंची बहीण आली होती, तिला वाटलं चोर आला.

माझ्या धंद्यावरही त्यांचं लक्ष असायचं. मी फुशारकीनं सांगायचो, "सर, या उन्हाळ्यात बोलायला फुरसत नाही. सगळी कॉलोनी एसी लावतेय." ते म्हणायचे, "तू घरं थंड करतोस आणि गल्ली तापवतोस. पुढच्या वर्षी गल्लीतले आणखी लोक तुलाच बोलावतात. धंदा चांगलाय." मी हसायचो. ते हसायचे नाहीत.

सात वर्षांत नळी संपत आली, चार बोटं उरली. आणि त्याच सुमाराला एका रविवारी मऊ चिखलात वाटाण्याएवढा खडा निघाला. सरांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. "हा इथं समुद्रानं आणलेला नाही. बर्फाचा डोंगर तरंगत आला, वितळला, आणि त्याच्या पोटातनं हा खाली पडला." डावे शंखही वाढायला लागले होते. थंडीचा मोठा जमाना, म्हणजे हिमयुग, संपला तेव्हा बर्फ हळूहळू गेला की झटक्यात, ते या चार बोटांत लिहिलेलं आहे, असं सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही. मी बाजूला उभा राहिलो तर त्यांना दिसायचो नाही, समोर यावं लागायचं. "समोरचं अजून आहे," ते म्हणाले. "नळीपुरतं पुरेल."

मग मे महिन्यात कॉम्प्रेसर गेला. नळी काकूंच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये हलवली. पण त्याचं दार नीट लागत नव्हतं. दार बिघडलेलं का, तर मी दोन वर्षं 'कल करता हूँ' म्हणत होतो. सर आणि काकू दोन दिवस लग्नाला इंदूरला निघाले. चावी माझ्या हातात देऊन सर म्हणाले, "नवा बसव, नळी आत ठेव. चारवर." मी गोविंदपुऱ्यातनं नवाकोरा दणकट कॉम्प्रेसर आणला आणि बसवला. नळी आत ठेवली, आणि मला सरांची कीव आली. पाहुणा दक्षिण ध्रुवाचा आणि त्याला चार डिग्री? आता दया करायला जुनं मशीन कुठं राहिलंय? मी काटा उणे अठरावर नेला. घरी बायकोला म्हणालो, "आज सरांना खरी भेट दिली."

ते परतले त्या सकाळी मी दारातच उभा. झाकण स्वतः उघडलं. "बघा सर, एकदम ओरिजिनल!" नळी तडकली होती. चिखल फुगून फटीतनं बाहेर आला होता, आणि त्यात बर्फाच्या सुया चमकत होत्या. सरांनी जवळ वाकून बघितलं, मग बोटानं चाचपलं. नंतर त्यांनी झाकण लावलं, लहान मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं. "तळाशी बर्फ नसतो रे," ते म्हणाले. "थंड पाणी असतं, पण पाणीच. पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो, थर ढकलतो. इतकी वर्षं तिथं काहीच हललं नव्हतं..." काकूंनी चहा विचारला नाही, आणि तेच बरोबर होतं.

दोन रविवार मी तिकडं फिरकलो नाही. तिसऱ्या रविवारी काकूंचा फोन आला, "ये. बोलावलंय." सर वहीसमोर बसले होते. वही माझ्याकडं सरकवली. त्यांचं अक्षर आता मोठं झालंय, ओळ सोडून जातं. लिहिलं होतं: 'इथून खाली थर विस्कटले, सगळं मिळून एकच नमुना धरला. कारण, मेकॅनिकला चार सांगितलं, का ते सांगितलं नाही. चूक माझी.' मी दोनदा वाचलं. मग म्हणालो, "सर, खोडा हे." ते म्हणाले, "वहीत खोडत नाही. बस तिथं. मला आता ताटलीतले शंख दिसत नाहीत."

तेव्हापासून दर रविवारी मी नाकाला रुमाल बांधून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो. मी सांगतो, सर डोळे मिटून ऐकतात आणि चाचपडत वहीत रेघा ओढतात. डावा, डावा, उजवा, डावा. बाहेर कॉलोनीतले एसी घुमत असतात, त्यातले निम्मे मीच लावलेले. खोलीत बाकी आवाज नसतो. पलीकडं काकू लाइटबिल आणून चळतीवर ठेवतात, अगदी वर, सरळ. गेल्या रविवारी मला राहवलं नाही. हिंमत करून विचारलं, "मग सर, शेवटी काय निघालं? बर्फ हळूहळू गेला की झटक्यात?"

सरांनी डोळे उघडले नाहीत. "ते सांगणारा चिखल तू गोठवलास. आता तोंड बंद ठेव आणि पुढचा सांग. डावा की उजवा?"