भोंगा न झालेला रविवार

परवा वर्तमानपत्राच्या खेळांच्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात, चार ओळींची बातमी होती. परदेशात बंद हॉलमध्ये पाच-पाच जणांचा फुटबॉल खेळतात, त्याला फुटसाल म्हणतात. अशा एका आंतरराष्ट्रीय सामन्यात एका देशाने दुसऱ्यावर इतके गोल चढवले की तो विक्रम झाला. हरलेल्यांना एकही करता आला नाही. बातमीत जिंकणाऱ्यांचे कौतुक होते, हरलेल्या गोलकीपरविषयी अक्षरही नव्हते. मी मात्र चहा थंड होईपर्यंत त्याचाच विचार करत होतो, कारण असा सामना मी एकदा गोलमध्ये उभा राहून पाहिला आहे.

कोराडीच्या वीज केंद्रात हिशेब विभागात माझी बदली झाली, तेव्हा पत्नीला जाऊन वर्षही झाले नव्हते. मुलगी सासरी. दोन खोल्यांचे क्वार्टर मिळाले, त्यातली एक मी बंदच ठेवत असे. सुरुवातीला रविवारी बसने शहरात नंदनवनला बहिणीकडे जायचो. पुढे मला वाटू लागले की तिला माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागतो, आणि मीच जाणे कमी केले. शनिवारी ऑफिस सुटले की सोमवार सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारा एक दूधवाला. तोही ‘अर्धाच ना?’ एवढेच विचारायचा.

कॉलनीत सिमेंटचे बॅडमिंटन कोर्ट होते. रविवारी त्यावर बॉयलरवाले आणि ऑफिसवाले फुटबॉल खेळत. जागा लहान, म्हणून पाच-पाच जण. खेळ चारला सुरू व्हायचा आणि केंद्राच्या पाचच्या भोंग्याला थांबायचा. घड्याळाला तिथे किंमत नव्हती. सगळी कॉलनी भोंग्यावर उठायची आणि भोंग्यावर जेवायची.

एका रविवारी ऑफिसवाल्यांचा गोलकीपर लकडगंजला लग्नाला गेला. मी पायरीवर बसून पाहत होतो. आमच्याच विभागातला टायपिस्ट कप्तान होता, तो माझ्याकडे आला.

“बाबूजी, गोलमध्ये उभे राहून जा न.”

“शाळा सुटल्यापासून मी चेंडूला पाय लावला नाही.”

“आम्ही तरी कुठं खेळून राहिलो? फक्त उभं राहायचं.”

मी उभा राहिलो. जिंकू असे मला क्षणभरही वाटले नाही. पुढच्या रविवारीही आपल्याला बोलवावे, एवढीच इच्छा होती.

गोलला जाळी नव्हती. माझ्यामागे जमीन उतरत नाल्यापर्यंत जायची आणि त्या उतारावर राखेचा थर असायचा. ज्याच्या हातून चेंडू गेला त्यानेच तो आणायचा, असा तिथला रिवाज. बॉयलरवाले जोरात मारत. प्रत्येक गोलनंतर मी खाली उतरायचो, राखेतून चेंडू शोधायचो आणि वर यायचो. खाली गेले की वरची बोलणी पुसट व्हायची. म्हणून मी लवकर वर येत असे. मी दिसलो की कोणीतरी म्हणायचे, “आले, आले, बाबूजी आले!” चेष्टाच होती ती, पण मला ती हवीशी वाटे.

गोल कोळशाच्या तुकड्याने भिंतीवर मांडले जात, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. मध्येच माझी नजर तिकडे गेली. रेघा बत्तीस होत्या. मी मनात तेहतीस धरले होते.

“एक सुटला,” मी म्हणालो.

“आमचा झाला का गोल?” टायपिस्टने विचारले.

“नाही, त्यांचाच. तेहतीस पाहिजेत.”

बॉयलरवाल्यांचा कप्तान खालीच बसला हसत. “अबे, हा माणूस आपल्याच अंगावर गोल चढवून राहिला गा!” त्याने स्वतः रेघ ओढली.

पाच वाजले तेव्हा मी रेषेबाहेर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या पंचाला मनगटावरचे घड्याळ दाखवले. तो म्हणाला, “भोंगा कुठं झाला?” सव्वापाचला पुन्हा सांगितले. तेच उत्तर. भोंगा दुरुस्तीला काढला होता हे सोमवारी कळले. त्या दिवशी कोणीच थांबेना. मला त्याचे वाईट वाटत नव्हते. मांड्या भरून आल्या होत्या, पायमोजे राखेने काळे झाले होते, तरी त्या अंधूक उजेडात खेळ चालू होता तोवर मीही त्यांच्यातला एक होतो.

शेवटी बॉयलरवाल्या कप्तानाची बायको लेकराला कडेवर घेऊन आली.

“अहो, पाहुणे कवाचे येऊन बसले, अन् तुम्ही इथंच?”

“भोंगा नाही झाला न वं.”

“मग भोंगाच वाढते का त्यायले जेवाले?”

सगळे हसले आणि खेळ तिथेच मोडला. त्रेचाळीस–शून्य. जाताना टायपिस्ट म्हणाला, “बाबूजी, उद्या ऑफिसात काय सांगसान?” मी म्हणालो, “त्रेचाळीस.” तो पुन्हा हसला. एकेकाच्या घरचे दिवे लागले होते. माझा मी जाऊन लावला.

त्या आठवड्यात मी कॅनव्हासचे बूट धुतले, खिडकीत वाळवले, खडूने पांढरे केले. रविवारी चारच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. लग्नाला गेलेला गोलकीपर परत आला होता.

टायपिस्ट माझ्याकडे आला. बूट त्याने पाहिले असावेत, कारण तो थोडा अडखळला. “बाबूजी, तुम्ही आता टाइम पाहा. भोंग्याचा भरवसा नाही, अन् तुमच्यासारखा सच्चा माणूस आमच्यात कोण आहे?” त्याने शिट्टी माझ्या हातात दिली.

मी रेषेबाहेर उभा राहिलो. घड्याळावरून नजर काढता येत नव्हती, त्यामुळे कोणाशी बोलणेही होत नव्हते. खेळ रंगला होता. ऑफिसवाल्यांनी दोन गोल केले होते आणि टायपिस्ट कोणाच्या तरी गळ्यात पडून ओरडत होता. आणखी पाच मिनिटे दिली असती तर कोणाला कळलेही नसते. पाचला मी शिट्टी वाजवली.

त्यांनी कठड्यावरचे शर्ट उचलले आणि बोलत बोलत आपापल्या घरी गेले. कोर्ट रिकामे झाल्यावर भोंगा झाला, माझ्या घड्याळाने चार मिनिटे उशिरा. घड्याळ भोंग्याला लावावे की आहे तसेच ठेवावे, याचा विचार करत मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.