मळईतल्या कुंड्या

सुधन्वा टिपणिसांना कुणी वेळ विचारली, तर ते आधी ‘घड्याळ’ या शब्दाचं मूळ सांगायचे आणि मग वेळ. तोवर विचारणाऱ्याची बस गेलेली असे. केंद्र सरकारच्या भूगर्भ खात्यात उभं आयुष्य दगडमाती तपासून ते फरीदाबादलाच निवृत्त झाले होते. आता जमिनीऐवजी शब्द उकरत बसत. ते दिसले की शेजारी मोबाइल कानाला लावत.

सध्या त्यांच्या तावडीत ‘अल्युव्हिओ’ हा लॅटिन शब्द सापडला होता. काठाला येऊन धुणारं पाणी, असा त्याचा मूळ अर्थ.

“बघ कुमुद, एका आईची लेकरं, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी! फ्रेंचांकडे तो नुसता बसलेला गाळ. इटालियनांकडे थेट महापूर! आणि स्पॅनिश माणसावर प्रश्नांचा भडिमार झाला, तरी तो हाच शब्द वापरतो.”

“आमच्या सांगलीकडे मळई म्हणतात,” कुमुदिनीबाई मेथी निवडत म्हणाल्या. “नदी ओसरली की मळईत वांगी काय सुरेख येतात! त्याला लॅटिन कशाला हवं?”

त्याच दिवशी सोसायटीची नोटीस आली. टिपणिसांच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटपुढच्या कुंड्या सगळ्यांच्या लॉनमध्ये पार आतपर्यंत आल्या आहेत, रविवारपर्यंत मागे घ्याव्यात.

कुमुदिनीबाई भडकल्या. “कुंड्या हलल्या तर मीही हलले! पुण्याला जाते, आपल्या पूर्वीकडे. या गावात माझं म्हणावं असं दुसरं आहे काय?”

टिपणिसांनी नोटीस पुन्हा वाचली. लेकीकडे गेल्या म्हणजे लवकर परतायच्या नाहीत. जेवणाचं एक वेळ निभेल, पण आपलं बोलणं ऐकणार कोण? बाईंशिवाय त्यांना श्रोताच नव्हता, आणि खरं म्हणजे करमतही नव्हतं.

मग अल्युव्हिओच मदतीला धावून आला. रोमन कायद्यात म्हटलं होतं की नदीनं सावकाश, कुणाला कळूही न देता जी माती आणून टाकली, ती काठावरच्या मालकाची. टिपणीस छाती पुढे काढून सोसायटीच्या सभेला गेले. कुमुदिनीबाईही नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसल्या.

“भाटिया साहब,” टिपणीस सेक्रेटरींना म्हणाले, “किसी ने इन गमलों को आगे आते देखा? नहीं ना? जो धीरे-धीरे आया, वो हमारा हुआ. रोम से यही चला आ रहा है.”

मोटारींच्या सुट्या भागांचा धंदा करणाऱ्या भाटियांनी शांतपणे ऐकून घेतलं. “चलो, मान लिया टिपनीस जी. पर इसमें नदी कहाँ है?”

टिपणिसांनी बायकोकडे पाहिलं. ती छताचा पंखा निरखत होती. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज सकाळी पाणी घालून झालं की ती प्रत्येक कुंडीला पायानं हलकेच रेटायची. विचारलं तर म्हणायची, “गुडघ्याचा व्यायाम.” नद्यांनी कुठली माती कुठे नेली हे सांगणाऱ्या माणसानं ते रोज डोळ्यांनी पाहिलं होतं आणि वर शाबासकीही दिली होती.

खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. “नदी मेरे घर में ही है,” ते पडेल आवाजात म्हणाले. “गमले पीछे ले लेंगे.”

सभा खो खो हसली.

घरी येताच माळ्यावरची बॅग खाली आली. “भर सभेत! नवरा आहात की पंच?”

“अगं, पण हातापायानं ढकललेली माती मळई होत नाही...”

“कायदा तुमचा, बाग माझी होती.” सोमवारचं तिकीट काढलं गेलं.

रविवारी टिपणिसांनी एकट्यानं सगळ्या कुंड्या मागे ओढल्या. कंबर धरली, पण बाईंनी मलमाची ट्यूबही पुढे केली नाही.

सोमवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेताना कुमुदिनीबाईंना नवल दिसलं. जन्मात कधी झारी न धरलेले टिपणीस झाडांना पाणी घालत होते. पाणी घालून झालं. त्यांनी वर भाटियांच्या बाल्कनीकडे चोरून पाहिलं, आणि कढीपत्त्याच्या कुंडीला पायानं हळूच रेटलं.

“काय चाललंय हो?”

टिपणीस दचकले. “गुडघ्याचा व्यायाम.”

कुमुदिनीबाईंनी कप खाली ठेवला. हसू येत होतं, ते त्यांनी मोठ्या कष्टानं आवरलं.

“बोटभर पुरे हं आज,” त्या म्हणाल्या. “आणि आत येऊन ती बॅग माळ्यावर टाका.”