आधी मास्क कुणाला?

मस्कतला निघालो तेव्हा सामानापेक्षा आक्काच्या छातीची काळजी जास्त होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला जुना दमा. तिच्या लेकीचं, शैलाचं, पहिलं बाळंतपण तिकडे होणार होतं. लेकीनं माहेरी यायचं सोडून आईनंच समुद्र ओलांडायचा, हे मुळात आक्काला पटलं नव्हतं. कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी तपासून जायला परवानगी दिली, पण धाप लागली की क्षणभरही अंगावर काढायचं नाही, लगेच पंप ओढायचा, असं बजावलं. तिच्यावर लक्ष ठेवायला म्हणून मी सोबत. विमानाच्या छताला छोटे टीव्ही लटकत असायचे, त्या काळातली ही गोष्ट.

कोल्हापूर ते मुंबई खासगी बस होती. मागच्या खिडकीवर लाल अक्षरांत 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहिलेलं आणि त्याच खिडकीला लावून कुणाच्या तरी गुळाच्या ढेपा रचलेल्या. मी ड्रायव्हरकडे तक्रार केली. आमच्याकडे अनोळखी माणूसही 'पावणं' (पाहुणा) असतो, त्यामुळे तो प्रेमानंच म्हणाला, "पावणं, संकट कुठं येतंय? बसा निवांत." मुंबईपर्यंत मी धुमसत बसलो आणि आक्का शेजारच्या बाईला डिंकाच्या लाडवांची कृती सांगत बसली.

विमानात बसल्यावर तो सुरक्षेचा व्हिडिओ सुरू झाला. पुढचे गृहस्थ पेपरात डोकं घालून, मागचे मोबाइलवर ओरडत. अख्ख्या विमानात एकटी आक्का पोथी ऐकावी तशी मन लावून बघत होती, आणि प्रत्येक वाक्य मला मराठीत सांगायला लावत होती. पट्टा तिला पटला. पाण्यात पडल्यावर वाजवायची शिट्टीही पटली. मग पडद्यावर वरून मास्क पडले. केसाची बटही न विस्कटलेल्या एका बाईनं हसत हसत आधी स्वतःला मास्क लावला आणि मग शेजारच्या पोराला.

"असली कसली आई?" आक्का म्हणाली. "आधी पोराला लावाय नको?"

मी समजावलं. हवा कमी झाली की आपलेच हातपाय गळतात, मग पोराला लावणार कोण? दारात आलेल्या विक्रेत्याचं ऐकावं तसं तिनं ऐकून घेतलं.

"व्हय, खरं हाय. पर आधी पोराला."

मला तिचा राग आला आणि त्या व्हिडिओचा त्याहून जास्त. नियम सांगायचा आणि मोकळं व्हायचं. तो नियम माणसाच्या गळी कसा उतरायचा, याचा विचार कुणी करायचा? बरं, ती पडद्यावरची आई एकदाही घाबरत नव्हती, तिचं पोरही रडत नव्हतं. असल्या मायलेकरांना मास्क तरी कशाला हवा?

मस्कत मात्र आवडलं. झाडाचं पानही नसलेले तपकिरी डोंगर, त्यांच्या पायथ्याशी पांढरीशुभ्र घरं, आणि लगेच निळं पाणी. शैलाच्या शेजारणीनं खजूर आणि कहवा (वेलदोडा घातलेली कोरी कॉफी) आणून दिला. आक्कानं परतफेड म्हणून तांबडा रस्सा पाठवला. शेजारीण पाणी पीत पीत आली, पण भांडं रिकामं घेऊन आली. शैलाला मुलगी झाली. नातीला न्हाऊमाखू घालण्यात आक्काचे दिवस गेले. मी पंपाची आठवण करून द्यायचो आणि ती 'हो हो' म्हणत दुपट्यांच्या घड्या घालायची.

परतीच्या विमानात खिडकीशी गडहिंग्लजकडचा एक तरुण होता. तिकडे इलेक्ट्रिशियन होता, बऱ्याच दिवसांनी गावी चालला होता. मध्ये आक्का, कडेला मी. आक्कानं त्याची सगळी चौकशी केली, भडंग (मसाल्याचे कुरमुरे) खायला घातलं, आणि तो झोपला. व्हिडिओ पुन्हा लागला. या वेळी आक्कानंही पाहिला नाही.

समुद्रावर असताना कानात एकदम दडे बसले. विमान खाली जाऊ लागलं आणि वरची झाकणं उघडून मास्क खरोखरच लोंबकळू लागले. कुणीतरी किंचाळलं. मी पहिला मास्क ओढला तो आक्कासाठी. आक्कानं पहिला ओढला तो त्या झोपलेल्या पाहुण्यासाठी, आणि त्याच्या तोंडावर चढवूनही टाकला. मग ती माझ्याकडे वळली. पंगतीत वाढायला आल्यावर पानावर आडवा हात धरावा, तसा तिनं माझा हात अडवला.

"तू लाव आदी."

"आक्का, तुला दमा आहे. तू लाव."

"तू लाव म्हंते न्हवं?"

आकाशात, समुद्राच्या वर, आम्ही दोघं एकमेकांना आग्रह करत होतो आणि दोघांच्याही तोंडावर मास्क नव्हता. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. ओठ काळपट पडले. माझ्या बोटांत दोरी धरायचंही बळ राहिलं नाही, आणि आता आपण आक्काला गमावतोय असं मला स्पष्ट वाटलं. तेवढ्यात जागा झालेल्या त्या तरुणानं वाकून तिच्या तोंडावर मास्क दाबला, आणि मग माझ्याही.

मुंबईला सुखरूप उतरलो. विमानतळावरच्या डॉक्टरांनी तिला वाफ दिली. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या आक्कावर मी मनसोक्त ओरडलो. जाताना मी जीव तोडून सांगितलं होतं ते गेलं कुठं?

"सांगितलंस ते कळलंतं की मला," ती म्हणाली. "पर माजा हात माज्याकडं वळतच न्हाय, त्याला मी काय करू?"

माझाही हात आधी तिच्याकडेच गेला होता.

राजारामपुरीत आलो तर शेजारीपाजारी जमले. मी सगळं सांगितलं, आपली चूक लोकांच्या ध्यानात यावी म्हणून जरा तिखटमीठ लावूनच. तर सगळे एकमुखानं म्हणाले, बरोबर केलं आक्कांनी, पावण्याला आधी लावला म्हणूनच पावण्यानं वाचवलं. तो पावणा झोपेतून उठायला जरा उशीर करता तर काय, हे एकानंही विचारलं नाही. मी कपाळाला हात लावला.

आतून खोकल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, तर आक्का धापा टाकत सगळ्यांसाठी चहा करत होती. पंप शेजारीच कट्ट्यावर पडलेला. मी तो तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, आधी हा ओढ, लोक थांबतील.

"उकळी तर येऊ दे," आक्का म्हणाली.