नणंदेच्या दोन गाठी

तिलकवतीला मांडवात येऊ नकोस असं कुणीही म्हटलं नाही. तसं तोंडावर म्हणायला हिंमत लागते, आणि ती त्या घराण्यात औषधालासुद्धा नव्हती. ते फक्त म्हणत, "तिलका, जरा कोठीघराकडे बघतेस का?" सकाळपासून तिने चार वेळा कोठीघराकडे बघितलं होतं. नारळ होते तिथेच होते, पळून कुठे जाणार होते?

लग्न तिच्या धाकट्या भावाचं, इळंगोचं. कुंभकोणममधलं लग्नकार्यालय, चारशे पानं उठायची होती, मुहूर्त साडेनऊचा. तिलकवती बेचाळीस वर्षांची, गावातल्या पोस्टात खिडकीवर बसणारी. तिचं स्वतःचं लग्न अकरा महिने टिकलं. नवरा मोटरसायकलवरून गेला तो जिवंत परतलाच नाही. ती माहेरी परतली तेव्हा इळंगो नऊ वर्षांचा होता, आणि पुढच्या तीन वर्षांत आई गेली, वडीलही गेले. मग पहाटे उठून भात लाव, त्याचा डबा भर, त्याची शाळा, त्याचा टायफॉइड, त्याचं कॉलेज, त्याची पहिली नोकरी सुटल्यावर महिनाभर धरलेला अबोला, सगळं एकटीने काढलं. त्याच्यासाठी मुलगीसुद्धा तिनेच शोधली. यळिनी नाव, शाळेत गणित शिकवणारी, बोलायला खणखणीत.

त्या लोकांत नवरा मुलगा वधूच्या गळ्यात हळदीचा दोरा बांधतो, त्याला ताली म्हणतात. तीन गाठींपैकी पहिली त्याची. उरलेल्या दोन त्याची बहीण बांधते. ते नणंदेचं काम, नणंदेचा मान. साखरपुड्याच्या दिवशी इळंगो तिला म्हणाला होता, "अक्का, दोन गाठी तुझ्याच. कोण काय म्हणतं ते मी बघतो." तिलकवतीने त्या रात्री आरशासमोर साडीच्या काठाचा दोरा घेऊन दोनदा गाठ मारून पाहिली होती. वेडी! बेचाळिसाव्या वर्षी माणसाने इतकं भाबडं राहू नये.

कारण सौंदरवल्ली अत्तै, म्हणजे वडिलांची बहीण, दोन दिवस आधीच येऊन बसली होती. "सेलमची कोमदवल्ली बांधेल गं गाठी," ती म्हणाली. "चुलत असली म्हणून काय झालं, बहीणच ती. तिचं कुंकू आहे." तिलकवतीने इळंगोकडे पाहिलं. इळंगो मोबाइलमध्ये पाहत होता.

आणि लग्नाच्या दिवशी सकाळी आठला सेलमहून फोन आला. कोमदवल्लीच्या मुलाला ताप, ती येत नाही. कोठीघराच्या दारात उभ्या तिलकवतीने पदराला हात पुसले. आता तरी? आता तरी दुसरं कोण आहे?

कोण होतं ते सांगायला लाज वाटते. बिर्गिट होती.

डेन्मार्कहून देवळं बघायला आलेली ही साठीची उंच बाई आठवड्यापूर्वी पोस्टात आली होती. दहा पोस्टकार्डांवर तिकिटं लावायला तिलकवतीने तिला मदत केली. सगळी भाचवंडांना.

"नवऱ्याला एकही नाही?" तिलकवतीने आपल्या पोस्टातल्या इंग्रजीत सहज विचारलं.

"तो नाही आता. दोन वर्षं झाली."

"माझाही नाही," तिलकवती म्हणाली. "वीस वर्षांवर झाली."

खिडकीच्या जाळीतून दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. रांगेतला एक म्हातारा करवादला, "बाई, मैत्री नंतर करा, माझी मनिऑर्डर आधी." जाताना तिलकवतीने तिला लग्नाचं बोलावणं दिलं.

तर ही बिर्गिट सकाळी आली. पोरीबाळींनी तिला घेरून कुणाची तरी रेशमी साडी नेसवली, केसांत हातभर मोगरा माळला, कपाळावर मोठं कुंकू लावलं. बोटात लग्नाची अंगठी होतीच, ती तिने काढली नव्हती. अत्तै मांडवातून इकडे तिकडे बघत होती. तिची नजर बिर्गिटवर थांबली.

"अहो, ही बघा! साक्षात लक्ष्मी! हीच बांधेल. इळंगोची परदेशी ताई म्हणायचं."

"फोटोतही झकास दिसेल," मामा म्हणाले.

बिर्गिटला कुणी काही विचारलं नाही. हाताला धरून चौरंगाजवळ नेलं. ती खूश होती बिचारी, तिला वाटलं पाहुण्यांना असाच मान देतात. तिलकवती खांबाआड उभी होती. इळंगोने मान वळवली, खांबाकडे पाहिलं, आणि मग गुरुजींकडे पाहिलं. तोंड उघडलं नाही. ते तोंड तिने लहानपणी दहीभात भरवून मोठं केलेलं होतं.

एक वाक्य पुरलं असतं. 'अत्तै, तीही विधवा आहे.' वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. पण मग काय झालं असतं? चारशे माणसांसमोर त्या बाईला हाताला धरून खाली उतरवलं असतं. तिलकवतीला ते उतरवणं चांगलं ठाऊक होतं.

गुरुजींनी बोट वर केलं आणि ढोल-सनई एकदम कडाडली. गाठ पडताना कुणाचा वाईट शब्द कानावर येऊ नये म्हणून तिथे असा दणका करतात. त्या दणक्यात तिलकवती जीव खाऊन ओरडली, "माझी गाठ आहे ती! माझी!" शेजारी उभ्या वाढप्यालासुद्धा ऐकू गेलं नाही. तिकडे बिर्गिटने दुसरी गाठ बांधली. तिसरीही बांधली. अक्षता पडल्या.

ढोल थांबला तेव्हा अत्तै घाम पुसत खांबाशी आली. "झालं बाई नीट! सवाष्णीचा हात लागला, आता काळजी नाही."

"अत्तै, तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली."

अत्तैने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल! कुणी सांगितलं?"

तिलकवतीने तो हात बाजूला केला. "तिनेच. सांगा आता गुरुजींना. सोडा गाठी."

"वेडी का खुळी? बांधलेली ताली सोडतात का कुणी?" अत्तैचे डोळे भिरभिरले, आणि मग तिला वाट सापडली. "आणि हे बघ, त्यांच्यात कुठे असलं काही धरतात? त्यांचं चालतं."

"त्यांचं चालतं," तिलकवती म्हणाली. "म्हणजे नवरा मेल्याने हात बाटत नाही. फक्त माझा बाटतो."

"आज नको गं, आज शुभ दिवस आहे."

"तुमचा असेल."

नवराबायको पाया पडायला आले. इळंगो वाकला तशी तिने पाय मागे घेतला.

"अक्का, मी बोलणार होतो, पण..."

"ते राहू दे. तुझं बोलणं मी ऐकलं. सगळ्या मांडवाने ऐकलं." मग तिने यळिनीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि अत्तै बघत असताना मुद्दाम जरा जास्त वेळ ठेवला. "सुखी राहा, पोरी. हा 'मी बघतो' म्हणाला की स्वतः उठून बघत जा."

यळिनीने नवऱ्याकडे पाहिलं. "कशाबद्दल म्हणाला होतात?" तिने खणखणीत आवाजात विचारलं. इळंगोचा चेहरा उतरला. तिलकवतीने उत्तराची वाट पाहिली नाही. ते आता त्यांचं त्यांनी निस्तरावं.

ती पहिल्याच पंगतीत जाऊन बसली. एरवी तिचं पान शेवटच्या पंगतीत पडे. बिर्गिट आनंदाने तिच्या शेजारी येऊन टेकली. हातांना अजून हळद लागलेली होती.

"त्यांनी मला किती मोठा मान दिला!" ती म्हणाली. "पण मीच का?"

वाढपी सांबार घेऊन आला. तिलकवतीने आधी पाहुणीच्या पानावर वाढायला सांगितलं. मग म्हणाली,

"तो मान बहिणीचा असतो. माझा होता. पण मी विधवा आहे ना."

बिर्गिटचा घास हातातच राहिला. "विधवा तर मीही आहे."

"हो," तिलकवती म्हणाली. "तुला कुणी विचारलंच नाही."