शिंगीचं वय

सेलूच्या बसस्टँडमागे एका घोडीवाल्याची घोडी बांधलेली असते. वरातीसाठी ती भाड्याने मिळते, पण ठरवायला नवरदेवाने स्वतः यावं, असा त्याचा नियम आहे. आलेल्या माणसाला तो आधी पोटापासून न्याहाळतो, विझलेली बिडी कानामागे खोचतो आणि मग घोडीचं वय ठरवतो. काटकुळ्या नवरदेवाला म्हणतो, "पक्की घोडी हाये, खुशाल बसा." भरल्या अंगाचा कुणी दिसला, की तीच घोडी लहान होते. "हे घोडी नाई भाऊ, शिंगी हाये. चार वर्साची होयेपर्यंत शिंगीच म्हन्तेत. पाठ कच्ची राह्यते."

शेजारच्या टपरीवर चहा पिताना त्याच्या या निकालांवर मी वर्षानुवर्षं हसत आलो. माझं लग्न ठरलं तेव्हा ओळखीच्या हक्काने गेलो. त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"शिंगी," तो म्हणाला.

घोडीशिवाय वरात नको म्हणून आई अडून बसली होती. त्यामुळे शिंगी घुंगरं वाजवत निघाली आणि मी फेटा सावरत तिच्या बाजूने पायी. पाहुणे फोटो तिचेच काढत होते. मारुतीच्या देवळापाशी मी घामाघूम होऊन लगाम धरून चालणाऱ्या घोडीवाल्याला म्हटलं, "काका, सात वर्सापासून पाहून राह्यलो. हे चार वर्साची होईन कधी?"

त्याने झटकन तळहाताने तिचा कान झाकला.

"हळू बोला ना भाऊ! तिले समजलं तं उद्यापासून तुमच्यासारखे बसवा लागन."