नाकाचा भरवसा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा नाही. तिला कळलंय, पण ते मी सांगून नव्हे. कळणं वेगळं आणि सांगणं वेगळं, हे तुम्हीही जाणता.

मी जहाजावर इंजिनियर आहे. कोल्हापूरचा माणूस आणि जहाजावर? — सगळे विचारतात. आमच्याकडे पंचगंगेला पूर येतो तेवढाच काय तो समुद्र. पण यंत्रांची ओळख घरातच होती. माझे वडील, आबा, एका दूध डेअरीच्या बर्फखान्यात कामाला होते. दूध गार ठेवायची तिथली यंत्रं अमोनियावर चालत. आबांच्या शर्टाला तो उग्र वास असायचा. आई तो शर्ट वेगळा धुवायची. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन गेलो की ते मला दारातच थांबवायचे. "येतोय काय वास?" मला त्यांच्याही आधी यायचा, आणि मग त्यांना कोण आनंद! "वास आला की आदी पाय उचलायचं, इचार मागनं करायचा. आन् पाणी मारायचं. अमोनियाला पाणीच लागतंय," असं शिकवायचे. पोराचं नाक बापापेक्षा तिखट हाय म्हणून गल्लीभर सांगत सुटायचे.

लग्नानंतर हे नाक सुमनच्या कामी आलं. उन्हाळ्यात वर्षाचा कांदा-लसूण मसाला करताना ती मला चुलीपाशी बसवायची. खोबरं, धणे, तीळ, एकेक भाजत जायची. "अवो, बघा की, झालं न्हवं?" मी 'काढ' म्हटलं की कढई खाली. माझ्या एका शब्दासाठी ती हात थांबवून बसते, याचं मला फार सुख वाटायचं. थोडे नाकानं कांदेही सोलायचो म्हणा ना.

करोनाच्या तापात ते नाक गेलं. ताप उतरला, जिभेला चव आली, वास काही परत आला नाही. आज येईल, उद्या येईल करत मी गप्प बसलो. सुमन 'झालं का' विचारायची आणि मी खोबऱ्याचा रंग बघून सांगायचो. लबाडी इथून सुरू झाली. इतकी लहान होती ती, की तिला लबाडी म्हणतानाही संकोच वाटावा.

मग ते जहाज आलं — अमोनियावर चालणारं इंजिन असलेलं. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? अहो, सगळा जन्म मी जहाजांच्या धुरात काढला. अमोनियात कार्बनच नसतो. तो जळला तरी काजळी नाही, तो काळा लोट नाही. पेटवायला थोडं डिझेल लागतं, तेवढंच. आबांच्या बर्फखान्यातला वायू आता जहाज हाकणार! आबा हे बघायला राहिले नव्हते, म्हणून तर मला जास्तच जायचं होतं. पण हा वायू विषारी. थोडा सुटला तर नाकाला कळतो, जास्त सुटला की डोळे आणि घसा जाळतो. मला ते झोंबणं कळायचं. वास कळायचा नाही. आणि झोंबायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

सुमन घाबरली होती. "ह्ये जहाज नगं," म्हणाली. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "आबांचं नाक हाय माझ्याकडं. समद्यांच्या आदी मला कळतंय." तिला धीर आला. तिनं बॅग भरून दिली, वर मसाल्याची पिशवी ठेवली. का बोललो मी असं? वास गेलाय म्हटलं असतं तर जहाज हातचं गेलं असतं — हे एक. आणि दुसरं, घरात मान तो नाकाचा आणि आबांचा वारसा तोही नाकच, ते गेल्यावर माझ्याकडे उरतं काय, असं मला वाटलं. प्रशिक्षणात अमोनियाची बाटली हुंगायला फिरवली, तेव्हा सगळ्यांत आधी मान मागे घेतली ती मीच. आबांची गोष्टही सांगून टाकली. त्या दिवसापासून जहाजावर माझ्या नाकाचं नाव झालं.

सदानंद आमचा फिटर. गुहागरचा, माझ्याच वयाचा, आवाज असा की इंजिनच्या गोंगाटात हाक मारली तरी दुसऱ्या टोकाला ऐकू जावी. एका सकाळी इंधनाच्या खोलीतल्या अमोनियाच्या नळीचा एक जोड उघडायचा होता. नळी रिकामी केली होती. गळती दाखवणारा दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला. तो आधीही उगाच लुकलुकायचा. सदानंदला सर्दी झाली होती. हातात मास्क धरून त्यानं मला विचारलं, "साहेब, वास येतोय का?"

मी दारात उभा राहून श्वास घेतला. खरोखर घेतला, तुम्हाला सांगतो — सवय म्हणून. आणि म्हणालो, "काही नाही. जा."

तो मास्क न लावता आत गेला. बोल्ट सैल केला आणि नळीत अडकलेला वायू त्याच्या तोंडावर आला. मी ओला टॉवेल तोंडाला गुंडाळून त्याला ओढून बाहेर काढलं, शॉवरखाली धरलं, पाणी मारत राहिलो. आबांनी शिकवलेलं तेवढं मला आठवलं. तो वाचला. आवाज मात्र गेला. आता बोलतो ते घोगरं, आणि जिना चढला की खोकतो. जहाजावर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

घरी आलो. त्या उन्हाळ्यात खोबरं करपलं आणि मी 'काढ' म्हटलंच नाही. सुमननं माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप कढई उतरवली. वर्षभर आम्ही तो कडवट मसाला खाल्ला, ती एका शब्दानं बोलली नाही. फक्त ताट वाढताना सांगू लागली, "मेथी हाय," "आमटीत हिंग पडलाय जरा." आणि पाहुण्यांदेखत 'झालं न्हवं?' हे मलाच विचारत राहिली. माझा मान राखायला. असं जपणारं माणूस मला मिळालं.

दिवाळीनंतर सदानंद आमच्याकडे जेवायला आला. सुमन चुलीपाशी होती. तो तिला कौतुकानं सांगत होता, "वहिनी, मला सर्दी होती. साहेबांना विचारलं, वास येतोय का, ते म्हणाले नाही. आणि बोल्ट सैल करतोय तर एकदम! साहेब नसते तर मी नसतो."

सुमनचा हात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पातेल्यावरचं झाकण काढलं आणि सदानंदला म्हणाली, "भावजी, तुमीच सांगा, रश्श्याला वास कसा सुटलाय?"

तो पुढे वाकला. वाफेनं त्याला खोकला आला, थांबेना. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याशेजारी बसलो, पाठीवरून हात फिरवला. खोकला थांबल्यावर तो हसून म्हणाला, "झकास, वहिनी."

तेव्हाही मी बोललो नाही. बोलायचं होतं ते एवढंच होतं — सदानंद, मला वास येतच नव्हता, आणि ते मला माहीत होतं.